वाय लिस्टवरचा माणूस : डिस्चार्ज बुकातल्या दोन गाळलेल्या ओळी

२०२२ च्या पावसाळ्यात वेदगंगेकाठच्या एका गावातून एक गृहस्थ माझ्याकडे आले. गोकुळ शिरगावला फौंड्रीत कामाला. कापडी पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं वडिलांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळणारं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, होतं. काम तसं रोजचंच. पेन्शन 'स्पर्श' या फौजी पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर गेल्यापासून वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी जुळत नव्हतं आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला अडेल अशी त्यांना धास्ती होती. मी फौजेत क्लार्क होतो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो आणि आता कसबा बावड्यात राहतो. आठवड्याला दोन-तीन माणसं असे कागद घेऊन येतातच.

नाव, वडिलांचं नाव, आर्मी नंबर, भरतीची तारीख असं बघत पानं उलटत गेलो आणि पदकांच्या पानावर थांबलो. निळ्या-काळ्या शाईत तीन ओळी होत्या : सैन्य सेवा पदक, पंचविसावा स्वातंत्र्य वर्धापनदिन पदक, नऊ वर्षे दीर्घ सेवा पदक. खाली मोकळी जागा, मग शिक्का आणि सही. भरती १९६७, डिस्चार्ज १९८४, हुद्दा नाईक.

मी विचारलं, "एकाहत्तरला वडील कुठं होते?"

"बांगलादेशात की. मांडीत अजून लोखंड हाय त्यांच्या."

स्पेलिंगचा अर्ज मी त्या दिवशी लिहून दिला, पण पुस्तक ठेवून घेतलं. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडं लढलेल्या आणि त्यानंतर तेरा वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या पुस्तकात 'पूर्वी स्टार' नाही, 'संग्राम पदक' नाही, म्हणजे त्या लढाईची दोन्ही पदकं नाहीत, याचा अर्थ कागद कुठंतरी तुटला आहे. तो तुटका सांधा सापडायला पुढं जवळपास दोन वर्षं लागली. ते प्रकरण इथं सविस्तर लिहितो आहे, कारण कोल्हापूर जिल्ह्यात अशी पुस्तकं पुष्कळ घरांत असणार याची मला खात्री आहे. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला लोक सैनिक टाकळी म्हणूनच ओळखतात. तसा शिक्का नसलेल्या गावांतूनही घरटी एक माणूस फौजेत गेलेला असतो. संबंधित गृहस्थांना मी इथं नुसतं तात्या म्हणेन. गाव, पलटण, जवानांचे सेवा-कागद ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस यांची नावं मुद्दाम देत नाही.

आधी पदकांबद्दल थोडं. पुष्कळ घरांत याचा घोळ असतो. वीरचक्र, सेना मेडल ही शौर्याची पदकं. ती एखाद्या माणसाच्या एखाद्या कृत्यासाठी मिळतात आणि भारताच्या राजपत्रात नावानिशी छापून येतात. त्यांची चौकशी वेगळी, वाटही वेगळी. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम पदक ही त्यातली नव्हेत. ही मोहिमेची पदकं. ठरलेल्या काळात, ठरलेल्या भागात तुम्ही नोकरीवर होता, एवढीच त्यांची अट असते. १९७१ ला पूर्व आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडं होते त्यांना पश्चिमी स्टार, आणि संग्राम पदकाची व्याप्ती याहून मोठी. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक आहेत, कारगिलसाठी ऑप विजय स्टार आहे. या पदकांबरोबर पेन्शन वाढत नाही. म्हणूनच घरातली पोरं म्हणतात, आता या वयात त्याचं काय करायचं?

तात्यांच्या घरीही थोरल्या मुलाचं आधी हेच म्हणणं होतं. ते बदललं २०२१ च्या १६ डिसेंबरमुळं, म्हणजे तो माझ्याकडं येण्याच्या आधीच. युद्धाला पन्नास वर्षं झाली म्हणून देशभर सुवर्ण विजय वर्ष साजरं झालं. त्यांच्या भागातही एकाहत्तरच्या माजी सैनिकांना फेटे बांधून, शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. यादी करणाऱ्यांनी सरळ हिशेब धरला होता : पुस्तकात युद्धाचं पदक आहे तो युद्धातला. तात्या मांडवात चौथ्या-पाचव्या रांगेत खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते. मुलगा म्हणाला, "तात्या, जावा की फुडं, सांगा की त्यास्नी." तात्या उठले नाहीत. मी हे त्यांना पुढं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, यादीत नाव न्हवतं. यादीत नाव नसताना फौजी माणूस फॉलइन हुतो व्हय?"

यादी करणाऱ्यांची यात चूक नाही. त्यांच्यासमोर कागद होता, आणि कागदाप्रमाणं तात्या एकाहत्तरला कुठंच नव्हते.

*

तात्यांना मी त्यांच्या घरी जाऊन भेटलो. सोप्यात कॉटवर बसलेले, वय पंचाहत्तरच्या आसपास, डावा पाय सरळ ठेवून. फौजेतली माणसं लढाई सांगताना दोन प्रकारे सांगतात. काहीजण सगळी लढाई सांगतात, जनरलपासून. काहीजण आपल्या खड्ड्यापुरती सांगतात. तात्या दुसऱ्या प्रकारातले. त्रिपुरातून गेलो, आखौऱ्याकडं. रात्री चिखल होता. डिसेंबर असून शेतात पाणी होतं. चार तारखेच्या पहाटे मांडीत काहीतरी घुसलं, आधी वाटलं कुणी लाथ मारली. शेजारचा जोडीदार त्यांना ओढत मागं घेऊन आला आणि परत गेला.

आखौऱ्याची लढाई ज्यांनी वाचली आहे त्यांना ठाऊक असेल की हा आगरताळ्याला अगदी लागून असलेला भाग. याच भागात गंगासागरला १४ गार्ड्‌सच्या लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांनी प्राण दिले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. ५ डिसेंबरला आखौरा पडलं. तात्या तोवर ड्रेसिंग स्टेशनवरून आगरताळ्याला आणि तिथून विमानानं मागं गेले होते. १६ डिसेंबरला ढाक्यात जनरल नियाझींनी जनरल अरोरांपुढं शरणागतीवर सही केली, ती बातमी त्यांनी कलकत्त्याच्या कमांड हॉस्पिटलच्या वॉर्डात रेडिओवर ऐकली. मांडीचं हाड मोडलेलं असल्यानं पाय वजनाला टांगलेला होता.

"सगळा वॉर्ड वरडाय लागला. माझ्या बाजूचा तेवढा गप्प पडून हुता. त्याला म्हाईत हुतं त्याची सेक्शन ऱ्हायली न्हाई म्हणून."

तात्यांच्या पत्नीनं एक ट्रंक उघडून दाखवली. तीत लग्नातल्या शालूच्या घडीखाली चार-पाच आंतर्देशीय पत्रं होती. पाठीमागं पत्ता : नंबर, नाव, पलटण, केअर ऑफ ९९ ए.पी.ओ. ज्यांनी फौजेची पत्रं वाचली आहेत त्यांना ५६ आणि ९९ मधला फरक कळतो. ५६ म्हणजे पश्चिम-उत्तर, ९९ म्हणजे पूर्व. एका पत्रावर १९७१ चा शिक्का अर्धवट वाचता येत होता. मला ते पत्र हातात धरल्यावर फार आनंद झाला आणि त्या आनंदातच माझ्याकडून पहिली चूक झाली.

मी अर्ज लिहिला तो चार पानांचा. त्यात तात्यांची सगळी हकिकत, आखौरा, जखम, पत्रांच्या झेरॉक्स, बरोबरच्या दोन म्हाताऱ्या सैनिकांची स्टॅम्पपेपरवरची प्रतिज्ञापत्रं. शेवटी मागणी : देय असलेली सर्व युद्धपदके मिळावीत. आज तो अर्ज वाचला की कळतं, मी एखाद्या माणसाला पटवून देण्यासाठी लिहिला होता. रेकॉर्ड ऑफिसात जो हवालदार क्लार्क तो उघडणार, त्याला पटून उपयोग नसतो. मी स्वतः त्या खुर्चीवर बसलेलो आहे. तो शीट रोल, म्हणजे जवानाच्या नोकरीच्या नोंदींचा कागद, काढतो, पदकांचा रकाना बघतो, तिथं पार्ट टू ऑर्डरचा (युनिटनं काढलेल्या लेखी आदेशाचा) नंबर नसेल तर त्याच्या हातात काहीच नसतं. तीन-साडेतीन महिन्यांनी उत्तर आलं ते त्याला धरूनच : उपलब्ध कागदपत्रांनुसार तुम्हाला सदर पदके देय असल्याची नोंद नाही.

तात्यांनी ते पत्र मुलाकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे सरकारच्या लेखी मी न्हवतोच." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

*

त्याच सुमाराला मुलानं एक मार्ग सुचवला. छावणीच्या गावांत दुकानांतून पदकांचे सेट मिळतात, रिबिनीसकट. एक पूर्वी स्टार घेऊ, तात्यांच्या कोटाला लावू, पुढच्या सोळा तारखेला फोटो काढू. म्हाताऱ्याला बरं वाटेल. यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. खरी पदकं यायला वर्षानुवर्षं लागतात म्हणून नोकरीतले जवानसुद्धा परेडसाठी दुकानातून पदकं घेतात, हे मी पाहिलेलं आहे. पण त्यांची नोंद झालेली असते, फक्त धातू हातात आलेला नसतो. नोंदच नसलेलं पदक छातीला लावायचं म्हणजे वेगळंच. तात्यांनी मुलाला फक्त एवढं विचारलं, "आणि कुणी पुस्तक बघाय मागितलं तर?" तो विषय तिथंच संपला.

मी पुस्तक पुन्हा घेऊन बसलो. आता जे नाही त्याच्याकडं बघायचं सोडून जे आहे त्याच्याकडं बघायला लागलो. पंचविसावा स्वातंत्र्य वर्धापनदिन पदक. हे कुणाला मिळालं? १५ ऑगस्ट १९७२ ला जो नोकरीवर होता त्याला. म्हणजे त्या दिवशी तात्या कुठल्यातरी युनिटच्या नफरीवर, म्हणजे पटावर, होते आणि त्या युनिटनं त्यांचं नाव यादीत घालून पाठवलं. ते युनिट कोणतं?

तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, सेंटरला, म्हणजे रेजिमेंटच्या मुख्य केंद्राला, होतो. डेपो कंपनीत. काठी घेऊन चालत होतो. मेडिकल कॅटेगरी खाली गेली होती.

हे ऐकल्यावर मला सगळा प्रकार समोर दिसला. फौजेबाहेरच्या वाचकांसाठी तो उलगडून सांगतो, कारण अशा प्रकरणांचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं.

जवानाच्या आयुष्यात जे काही घडतं, म्हणजे रजा, बदली, बढती, दवाखाना, लग्न, मूल, पदक, ते युनिट पार्ट टू ऑर्डर काढून जाहीर करतं. त्या ऑर्डरची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिच्यावरून त्याच्या शीट रोलमध्ये ओळ चढते. ऑर्डर नाही तर ओळ नाही. मग ती गोष्ट हजार माणसांदेखत घडलेली असली तरी. आता एखादा जवान जखमी होऊन दीर्घकाळ हॉस्पिटलात राहिला तर युनिट त्याला आपल्या नफरीतून कमी करतं, त्याचं नाव वाय लिस्टवर जातं. युनिटला त्याच्या जागी दुसरा माणूस मिळावा म्हणून ही सोय. बरा झाला की तो सेंटरच्या डेपो कंपनीत जातो आणि तिथून कुठल्याही पलटणीत.

युद्ध संपलं. पदकांच्या नॉमिनल रोल, म्हणजे नावांच्या याद्या, मागवण्यात आल्या. युनिटच्या क्लार्कनं त्या दिवशी नफरीवर जे होते त्यांची नावं लिहिली. तात्या नफरीवर नव्हते. सेंटरच्या डेपो कंपनीनं स्वातंत्र्यदिनाच्या पदकासाठी आपली नावं पाठवली, त्यात तात्या होते. पण डेपो कंपनी युद्धाला गेलेली नव्हती, तिनं पूर्वी स्टारची रोल कशाला पाठवावी? १९७२ च्या शेवटी तात्या ज्या तिसऱ्या युनिटला गेले, तिथल्या क्लार्कनं गृहीत धरलं की मागचं मागच्यांनी केलं असेल. मी त्या क्लार्कला दोष देणार नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच धरलं असतं.

तात्यांनी तेव्हाच का नाही विचारलं? हा प्रश्न मला प्रत्येकजण विचारतो. चोवीस वर्षांचा नाईकसुद्धा न झालेला शिपाई, नवीन पलटण, पायात दुखणं, कॅटेगरी वर यावी आणि नोकरी टिकावी हीच धडपड. त्यानं ऑफिसात जाऊन हेडक्लार्कला पदकाबद्दल विचारायचं? विचारलं असतं तर बरं झालं असतं हे खरं, पण त्या वेळची फौज ज्यांनी पाहिली आहे त्यांना तात्या गप्प का राहिले ते कळेल. आणि १९८४ ला डिस्चार्ज ड्रिलमध्ये पुस्तक हातात पडलं तेव्हा त्यांनी सही केली, ट्रंक उचलली आणि गाडी पकडली.

*

दुसऱ्या खेपेला मी उलट्या टोकानं सुरुवात केली. आधी पदक मागितलंच नाही, शीट रोल मागितला. माहिती अधिकार कायदा २००५ खाली, तात्यांच्याच नावानं आणि सहीनं, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, ओळखपत्राची आणि डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडून. "माझ्या शीट रोलची साक्षांकित प्रत" आणि "डिसेंबर १९७१ ते डिसेंबर १९७२ या काळातील माझ्या संबंधातील पार्ट टू ऑर्डरच्या नोंदी" एवढंच मागितलं. तीस दिवसांच्या मुदतीत झेरॉक्स आल्या. मुदत टळली असती तर पहिलं अपील करता आलं असतं, त्याची गरज पडली नाही.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. तात्या पेन्शनर आहेत म्हणून शीट रोल शाबूत होता. पेन्शनविना बाहेर पडलेल्यांचे सेवा-कागद ठरावीक मुदतीनंतर, म्हणजे पंचवीस वर्षांनी, नियमाप्रमाणं नष्ट केले जातात. मग लाँग रोलमधली, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसच्या कायमच्या नोंदवहीतली, एक ओळ तेवढी राहते. तुमच्या घरातला माणूस सात-आठ वर्षांत फौज सोडून आलेला असेल तर हे ध्यानात ठेवा. घरातलं डिस्चार्ज बुक हाच तुमचा मुख्य कागद, तो वाळवीपासून सांभाळा.

शीट रोलची झेरॉक्स फिकट होती. मी ती खिडकीपाशी धरून, भिंगानं वाचली. एका हाताची इंग्रजी अक्षरं उजवीकडं झुकलेली, दुसऱ्याची टोकदार. १९६८ मध्ये पलटणीत टीओएस, म्हणजे पटावर घेतलं. मग मध्ये रजेच्या ओळी, एक नेमबाजीची. डिसेंबर १९७१ मध्ये पलटणीतून एसओएस, म्हणजे पटावरून कमी केलं, शेऱ्यात वाय लिस्ट आणि हॉस्पिटलचं नाव. १९७२ च्या वसंतात डेपो कंपनीत टीओएस. वाय लिस्टच्या ओळीची तारीख ४ डिसेंबर नव्हती, त्यानंतरची होती. म्हणजे कागदानंच सांगितलं की युद्ध सुरू झालं त्या दिवशी, आणि पुढंही काही दिवस, तात्या त्या पलटणीच्या नफरीवर होते. आता पलटण कुठं होती एवढंच दाखवायचं उरलं.

त्यासाठी इतिहासाची पुस्तकं जोडायचा मोह मी या वेळी टाळला. त्याऐवजी त्याच पलटणीतला, त्याच काळातला दुसरा माणूस शोधला. माजी सैनिकांच्या मेळाव्यात दोन-तीन वेळा विचारणा केल्यावर शिरोळ तालुक्यातले एक हवालदार सापडले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पलटणीचं नाव तेच, तारखा त्याच, आणि पदकांच्या पानावर पूर्वी स्टार व संग्राम पदक, पुढं पार्ट टू ऑर्डरच्या नंबरासकट. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स लगेच दिली. तात्यांना त्यांचं नाव आठवेना. त्यांना तात्यांचा चेहरा आठवेना. दोघं फोनवर बोलले तेव्हा लंगरच्या एका आचाऱ्यावरून ओळख पटली आणि मग अर्धा तास फोन ठेवला नाही.

दुसरा अर्ज एका पानाचा झाला. वर आर्मी नंबर, हुद्दा, नाव. नंबर डिस्चार्ज बुकात आहे तसाच लिहिला. जुन्या कागदांवर नुसते आकडे असतात, नंतरच्या कागदांवर पुढं एक इंग्रजी अक्षर लागलेलं असतं, म्हणून दोन्ही रूपं दिली. एकाच पलटणीत एकाच आडनावाचे दहाजण असायचे, तेव्हा नंबर हीच ओळख. त्याखाली तीन तारखा : पलटणीत आलो, वाय लिस्टवर गेलो, डेपोत आलो. त्यानंतर मजकूर असा होता : "वरील पहिल्या दोन तारखांच्या दरम्यान माझी पलटण पूर्व आघाडीवर होती. त्याच पलटणीतील सहकाऱ्याच्या पदक-नोंदीची प्रत सोबत आहे. पदकांची यादी करताना मी वाय लिस्टवर असल्याने माझे नाव राहिले असावे. कृपया आपल्याकडील नोंदींवरून खातरजमा करून पूर्वी स्टार व संग्राम पदकासाठी पार्ट टू ऑर्डर काढावी आणि शीट रोल व डिस्चार्ज बुकात नोंद व्हावी."

हा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून, त्यांच्या पत्रासोबत पाठवला. थेट पाठवला तरी चालतो, पण कार्यालयाचं पत्र सोबत असलं की जावक क्रमांक हातात राहतो आणि पुढं विचारणा करायला आधार मिळतो. ज्यांना पत्ता ठाऊक नाही त्यांनी आधी आपलं रेकॉर्ड ऑफिस कोणतं ते पक्कं करावं : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा पहिला अर्ज थेट दिल्लीला गेलेला असतो आणि तो फिरत फिरत खाली येण्यातच वर्ष जातं.

*

यात मुलाशी माझा एक वाद झाला. त्याचं म्हणणं, घाव पदकही याच अर्जात मागा. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांसाठी असलेलं हे पदक आता पराक्रम पदक म्हणून ओळखलं जातं. १९७३ मध्ये ते सुरू झालं आणि स्वातंत्र्यापासूनच्या जखमींना लागू केलं गेलं. तात्यांचा हक्क उघड आहे असं मुलाला वाटत होतं, आणि मलाही वाटतं. पण शीट रोलमध्ये वाय लिस्टच्या ओळीत फक्त डाव्या मांडीची दुखापत एवढंच होतं. युद्धात जखमी म्हणून युनिटनं कळवल्याची वेगळी नोंद त्या कागदांत नव्हती. ट्रकमधून पडूनही मांडी मोडते, असं कागद वाचणारा म्हणू शकतो. दोन पक्क्या मागण्यांना एक कच्ची मागणी बांधली की सगळी फाइल कच्चीपाशी अडकते. नोकरीत मी हे अनेकदा पाहिलं. म्हणून घाव पदकाचा अर्ज वेगळा करायचा, तोही पहिल्या दोन ओळी चढल्यावर, असं मी ठाम सांगितलं. मुलगा नाराज झाला. तात्यांनी निकाल दिला : "लागलं ते माझं मला म्हाईत हाय. हुतो, एवढं आधी लिवून येऊ दे."

पाच महिने काही आलं नाही. मध्ये एक स्मरणपत्र, जावक क्रमांक घालून. मग रेकॉर्ड ऑफिसनं मूळ डिस्चार्ज बुक मागवलं. तात्यांना ते पाठवायचं जिवावर आलं होतं, त्यांनी सगळ्या पानांचे फोटो मोबाइलवर काढून घेतले तेव्हा कुठं रजिस्टर्ड पोस्टानं जाऊ दिलं. २०२४ च्या उन्हाळ्यात पुस्तक परत आलं, सोबत पार्ट टू ऑर्डरची प्रत.

मुलानं मला बोलावून घेतलं. कागल सोडून गाडी आत वळली तेव्हा उसाला पाणी चाललं होतं. सोप्यात तात्या कॉटवर नव्हते, खुर्चीवर बसले होते, दाढी केलेली. पुस्तक कुणी उघडलं नव्हतं, मी येईपर्यंत थांबले होते. पदकांचं पान काढलं. जुन्या तीन ओळींखाली काळ्या बॉलपेननं दोन नवीन ओळी होत्या, पूर्वी स्टार आणि संग्राम पदक, ऑर्डरचा नंबर, आणि ताजा जांभळा शिक्का, कडेला थोडा पसरलेला. चाळीस वर्षांपूर्वीची शाई तपकिरी पडलेली आणि ही नवी काळीभोर. तात्यांनी चष्मा काढला, पान डोळ्यांजवळ नेलं, पहिल्या ओळीखाली बोट धरलं आणि अक्षर अक्षर लावून वाचलं. मग बोट दुसऱ्या ओळीखाली. त्यांच्या पत्नीनं देवाजवळची कुंकवाची कोयरी आणली, तेव्हा तात्या म्हणाले, "त्याला नको लावू, डाग पडल." मग त्यांनीच कपाळ पुढं केलं.

प्रत्यक्ष पदकं अजून आलेली नाहीत. नोंद झाल्यावर त्यांची मागणी पुढं दिल्लीला जाते आणि तिथं साठ्याप्रमाणं पाळी लागते. आता मात्र मुलानं दुकानातून सेट आणला तर मी आडवा येणार नाही, हे त्याला सांगितलं. त्यानं विचारलं तात्यांना. तात्या म्हणाले, सरकारचंच येऊ दे, मी थांबतो.

घाव पदकाचा अर्ज वेगळा गेला आहे. त्यासाठी हॉस्पिटलच्या दाखल-नोंदीची प्रत मागितली आहे आणि तात्यांच्या मांडीचा नवा एक्स-रे कोल्हापुरात काढून जोडला आहे. त्यात धातूचे तीन तुकडे स्पष्ट दिसतात. हा पुरावा म्हणून धरला जाईल की नाही, निकाल आल्यावरच कळेल. मला आशा आहे, खात्री नाही.

त्या दिवशी निघताना तात्यांनी मला थांबवून वॉर्डातल्या त्या गप्प पडलेल्या जवानाबद्दल सांगितलं. आपल्याच पलटणीचा, गडहिंग्लजकडचा. त्याचंही नाव त्याच दिवसांत वाय लिस्टवर गेलं होतं. त्यानं १९७५ च्या आसपास फौज सोडली, पेन्शन नाही, आणि तो जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. घरी बायको आहे. "साहेब, त्याचं पुस्तक कुणी बघितलं असंल का?"

आम्ही त्याच आठवड्यात गेलो. मावशींनी पुस्तक कपाटातून काढून दिलं. कोपरे वाळवीनं खाल्लेले, पण तारखांचं पान आणि पदकांचं पान शाबूत आहे. पदकांच्या पानावर एकच ओळ आहे, पंचविसाव्या वर्धापनदिनाची. त्यांचा शीट रोल आता मिळायचा नाही. लाँग रोलची प्रत मागण्याचा अर्ज मावशींच्या अंगठ्यानिशी परवा पाठवला, आणि सोबत तात्यांच्या नव्या पार्ट टू ऑर्डरची झेरॉक्स जोडली.